बदललेली चिठ्ठी

ऑपरेशन थिएटरात भुलीची औषधं भरून ठेवणाऱ्या त्या माणसाला सगळे निजवण्या म्हणत. बावीस वर्षांत डॉक्टरांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, अशी त्याची समजूत झाली होती.

भुलीच्या वायूने कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशी फोफावतात का, आणि शिरेतल्या इंजेक्शनने दबतात का, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून अभ्यास चालू होता. प्रत्येक पेशंटचं एक बंद पाकीट असे आणि आतली चिठ्ठी सांगेल तीच भूल द्यायची.

त्याच्या धाकट्या बहिणीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, त्या सकाळी निजवण्याने हत्यारं उकळायच्या भांड्याच्या वाफेवर तिचं पाकीट उघडलं. चिठ्ठीत वायू निघाला. विषाची परीक्षा आपल्या माणसाने कशाला द्यायची? तिच्यानंतरच्या बाईच्या पाकिटात इंजेक्शन होतं. त्याने चिठ्ठ्या बदलल्या आणि पाकिटं चिकटवून टाकली. संध्याकाळी बहिणीला तोऱ्यात सांगितलंही. तिने त्याचा हात घट्ट दाबला.

दीड वर्षाने बहिणीच्या फुप्फुसात गाठ निघाली. "एका पेशंटवरून भुलीला दोष देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. निजवण्याने ते वाक्य पाठ करून ठेवलं.

पुढच्या तपासणीला बाकावर ती दुसरी बाई भेटली. चांगली ठणठणीत होती. "तुमच्या हाताला गुण आहे हो," ती निजवण्याला म्हणाली.

डोक्याला रुमाल गुंडाळलेली बहीण शेजारीच बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, सांग ना हिला, ही कुणाच्या वाटणीचं जगतेय ते."