मामींच्या कीबोर्डातलं एक बटण

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. समोरच्या मामींच्या लॅपटॉपचं एक बटण माझ्या हातून मोडलं, ते मी लपवलं, आणि त्यापायी एका बाईचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला. बटण एवढंसं, नखाएवढं. इंग्रजी ‘जे’ अक्षराचं.

पण आधी मामी तुम्हाला दिसायला हव्यात. टाइप करायला बसल्या की त्या दोन्ही हात वीतभर वर उचलायच्या, क्षणभर तसेच अधांतरी धरायच्या, मग मान खिडकीकडे वळवून हात सोडून द्यायच्या. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. बोटं कीबोर्डावर, नजर शेवग्यावर, आणि गरम तेलात मोहरी पडावी तसा घरभर तडतडाट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “मामी, खाली बघत नाही तुम्ही?”

“भात खाताना समोर आरसा धरतोस का रे?” मामी म्हणाल्या. “नाही ना? घास तोंडातच जातो. बोटांना डोळे असतात.”

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल!

मी इचलकरंजीचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या खात्यात नोकरी लागली म्हणून तांबरमला आलो. कंपनीची बस जिथून सुटते, त्याच्या जवळ फ्लॅट घेतला. माझं तमिळ बसच्या कंडक्टरपुरतं. एक दिवस जिन्यात समोरच्या बाई फोनवर बोलत होत्या आणि मधेच ‘मज ठाऊक नाही’ म्हणाल्या. मी थबकलो. हेल अस्सल तमिळ, पण शब्द आपले.

“तुम्ही मराठी?” मी विचारलं.

“आम्ही मराठीच. तंजावरचे,” त्यांनी फोन कानापासून दूर करून मला न्याहाळलं. “तू काल आलास. आम्ही तुझ्या पणजोबाच्या आधी आलों.”

तेव्हापासून त्या माझ्या मामी. तमिळमध्येही मामी आणि मराठीतही मामी, हे बरं जमलं. मी त्यांचा ‘इंजिनियर’. शाबासकी असो की टोमणा, हाक तीच.

तरुणपणी टाइपिंगची वरची परीक्षा देऊन त्या एका वकिलांच्या कचेरीत लागल्या होत्या. यजमान गेले, कचेरी सुटली, पण काम सुटलं नाही. म्हातारे वकील फोनवर मजकूर बोलून पाठवायचे. मामी कानात इअरफोन घालून तो टाइप करायच्या आणि संध्याकाळच्या आत मेल करायच्या. मुलगी पेरुंगुडीला आयटीत. ती म्हणायची, “अम्मा, पोदुम, आता पुरे.” मामी म्हणायच्या, “माझी बोटं बसून राहिली तर मला खातील.”

आता आयुधपूजेचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. आपल्याकडची खंडेनवमी, तीच इथे फार मोठी. रिक्षा, शिलाई यंत्र, कारखान्यातली लेथ, सगळं धुऊनपुसून गंध-कुंकू लावतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला ते उचलून थोडं तरी काम करायचं. मामींचं हत्यार म्हणजे लॅपटॉप. पूजेच्या आदल्या दिवशी त्या कीबोर्डाची बटणं काढून धुवायच्या.

पहिल्या वर्षी मी नुसता पाहत बसलो. मला यंत्राच्या आत काय असतं याचं वेड आहे. मामींनी लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला आणि मोबाइलवर कीबोर्डाचा फोटो घेतला. “तोंडपाठ आहे ना तुम्हाला?” मी विचारलं. “बोटांना पाठ आहे. मला नाही,” त्या म्हणाल्या. मग मुदत संपलेला बसचा प्लास्टिकचा पास घेतला, त्याचा कोपरा बटणाच्या वरच्या कडेखाली सरकवला आणि हलकेच वर केला. टक्. बटण सुटलं. खाली कात्रीसारखी एकमेकांत अडकलेली दोन इवलीशी प्लास्टिकची पाती आणि मधोमध रबराची टोपी.

“लोखंड लावायचं नाही,” मामी म्हणाल्या. “आणि लांब बटणं काढायची नाहीत. त्यांच्याखाली तार असते, ती एकदा रुसली की परत येत नाही.”

सुटलेली बटणं त्यांनी मोठ्या स्टीलच्या ताटात मांडली, कीबोर्डावर होती त्याच क्रमाने. मग लॅपटॉप तिरका धरून मऊ ब्रशने झाडला. काय काय निघालं म्हणता! तीळ, नारळाचा कीस, रांगोळीचं तांदळाचं पीठ, उडदाची एक अख्खी डाळ. लॅपटॉपच्या पोटात निम्मा स्वयंपाक. बटणं कोमट साबणाच्या पाण्यातून काढून जुन्या सुती साडीवर पंख्याखाली वाळवली. पूर्ण कोरडी झाल्यावर एकेक जागेवर ठेवून अंगठ्याने दाबलं. पुन्हा टक्.

“हा टक् ऐकू आला नाही तर बसलं नाही समजायचं,” मामी म्हणाल्या. “माणसांचंही तसंच.”

दुसऱ्या वर्षी मीच म्हणालो, “मामी, यंदा मी करतो.” मदत करावी हा हेतू होताच, पण खरं सांगायचं तर ती कात्री मला स्वतःच्या हाताने उघडून बघायची होती. त्यांनी लॅपटॉप, ताट आणि बसचा पास माझ्या हवाली केला. “लोखंड नको,” त्या दारातून पुन्हा म्हणाल्या.

मी घरी आणून बसलो. चार-सहा बटणं पासाने काढली. पण पास मला जाड वाटू लागला. माझ्याकडे कारखान्यातली फट मोजायची पोलादी पट्टी होती, कागदाएवढी पातळ. म्हटलं, मामींना काय माहीत, याहून नाजूक काय असणार? पट्टी ‘जे’च्या खाली घातली, तीही खालच्या बाजूने. या वेळी टक् झालं नाही. कट् झालं. बटणाच्या पोटातल्या दोन बारीक आकड्या तुटून ताटात पडल्या.

तेव्हाच उठून समोरचं दार वाजवायला हवं होतं. चार पावलांवर तर होतं. मी त्याऐवजी चपला घातल्या आणि बाजारात जुने लॅपटॉप मोडून विकणाऱ्याच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे सुट्या बटणांची पिशवी होती. त्याच कंपनीचं ‘जे’ नव्हतं, ‘एक्स’ होतं. तो म्हणाला, “सार, वरून स्टिकर मारला की झालं.” काळ्यावर पांढरं ‘जे’. घरी येऊन बसवलं, दाबून पाहिलं, पडद्यावर ‘जे’ उमटलं. डोळ्यांना फरक कळेना. मी समाधानाने सुस्कारा सोडला.

सकाळी लॅपटॉप मामींच्या देवघरात ठेवला. त्यांनी झाकणावर गंधाचा ठिपका लावला, वर कुंकू. दिवसभर कोणी त्याला हात लावणार नव्हतं. त्या रीतीचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

विजयादशमीला मामींनी आम्हा नवरा-बायकोला बोलावलं. हातावर चुरमुरे आणि चण्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी उसळ, ठेवलं. मग त्या लॅपटॉपसमोर बसल्या. टाइपिंग शिकणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी जी ओळ गिरवतो, तीच त्या दर विजयादशमीला टाइप करायच्या. अर्धी डाव्या हाताची, अर्धी उजव्या हाताची. हात उचलले. थांबल्या. नजर शेवग्यावर. हात सोडले.

डाव्या हाताची अक्षरं बरोबर आली. उजव्या हाताची सगळी एकेक घर सरकलेली.

“अय्यय्यो!” मामी हसल्या. पुन्हा हात उचलले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात उचलले तेव्हा त्या हसत नव्हत्या. आणि मग मी कधीच पाहिलं नव्हतं ते पाहिलं. मामींनी मान खाली घालून कीबोर्डाकडे बघितलं.

“काही नाही मामी, सणाची दमणूक आहे,” माझी बायको म्हणाली. व्हिडिओ कॉलवरून हे सगळं पाहणारी मुलगी म्हणाली, “अम्मा, काही झालेलं नाही.” बटणाचा या चुकीशी संबंध काय, हे मला खरंच कळत नव्हतं. ‘जे’ दाबल्यावर ‘जे’च येत होतं. मी सुंडल चावत गप्प उभा राहिलो.

मामींनी पंधरवडाभर झुंज दिली. खाली बघून टाइप करायला गेल्या तर वकिलांचा आवाज पुढे निघून जायचा. वर बघितलं की उजवा हात भरकटायचा. एके दिवशी जिन्यात मला म्हणाल्या, “माझ्या आईचं ठाऊक आहे का तुज? आधी हात विसरले. दारात कोलमची रांगोळी काढता काढता थांबायची, पुढचा ठिपका कोठें ते आठवेना. मग माणसं विसरली. शेवटी मला ‘तुम्ही कोण’ म्हणाली.” त्यांनी आपली बोटं माझ्यासमोर धरली. “सुरू झालें रे, इंजिनियर.”

महिन्याच्या आत त्यांनी वकिलांचं काम सोडलं आणि मुलीने त्यांना पेरुंगुडीला नेलं.

यानंतर बऱ्याच दिवसांनी, ऑफिसात, एक कंटाळवाणी बैठक सुरू होण्याची वाट पाहत बसलो होतो. बोटं सहज कीबोर्डावर टेकली होती. उजव्या तर्जनीला काहीतरी लागलं. बारीक, उंचवट्याची रेघ. खाली पाहिलं. ‘जे’वर. डावीकडे ‘एफ’वरही तशीच. इतकी वर्षं या बटणांवर हात आपटतोय, आणि ती रेघ मला दिसली नव्हती. मी उठून शेजारच्या टेबलावर गेलो, मग त्याच्या पलीकडच्या. लोकांचे कीबोर्ड चाचपत निघालो. एक पोरगा म्हणाला, “काय शोधताय सार? धूळ?” सगळे हसले. प्रत्येक ‘जे’वर रेघ होती. एकाही ‘एक्स’वर नव्हती.

न पाहणाऱ्या बोटांना घर सापडावं म्हणून ती असते. मामींना ती ठाऊक नव्हती, याची मला खात्री आहे. ठाऊक असती तर त्यांनी तिच्याबद्दलही एखादी म्हण केली असती. त्या शिकल्या जुन्या टाइपरायटरवर. या सपाट कीबोर्डावर त्यांच्या बोटाने ती रेघ आपली आपण शोधून ठेवली होती आणि मालकिणीला सांगितलं नव्हतं. बोटांना डोळे असतात. त्यातला एक डोळा मी काढून स्टिकर मारला होता.

त्याच रविवारी मी पेरुंगुडीला गेलो. दारातच मुलीने हळू आवाजात सांगितलं, “डॉक्टरनी सगळं तपासलं. काही नाही म्हणाले. अम्माचा विश्वास बसत नाही.”

आत मामी झोपाळ्यावर बसल्या होत्या. “वा पा, ये रे इंजिनियर! आठवण झाली एकदाची?” कॉफी आली. मी वाक्य मनात रचून आणलं होतं. पेला खाली ठेवला, घसा साफ केला. तेवढ्यात मामी मुलीकडे वळल्या.

“हा पाहा. तुम्ही सगळे मला म्हणालांत, काही नाही झालें, काही नाही झालें. डॉक्टरही तेंच म्हणतो. हा एकटा त्या दिवशी गप्प उभा राहिला. खोटा धीर दिला नाही मज. खरें माणूस.”

आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. उजवा.

मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. कॉफी संपवली. पाऊस, कारखाना, शेवग्याच्या शेंगा, असं काहीबाही बोललो आणि निघालो. कारखान्यात मी रोज दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खूण लावतो. चूक कोणाची, कोणत्या पायरीवर, सगळं शोधून काढतो. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावत होतो: कदाचित त्यांचं खरंच सुरू झालं असेल, कदाचित रेघ असती तरी चुकल्या असत्या. त्या ‘कदाचित’वर मी आजवर दिवस काढले.

दर आयुधपूजेला मुलगी मला फोटो पाठवते. देवापुढे लॅपटॉप, झाकणावर गंधाचा ठिपका, वर कुंकू. विजयादशमीला तो उघडत नाहीत. नुसती पूजा होते आणि रेशमी फडक्यात गुंडाळून पुन्हा कपाटात जातो. यंदा फोटोखाली मामींचा आवाजही होता: “इंजिनियर, तुझीं बटणें धुतलीस कां? लोखंड नको हं.”

रेघ असलेलं खरं ‘जे’ मी कधीच मागवून ठेवलं आहे. माझ्या दाढीच्या डब्यात ते तुटलेल्या ‘जे’शेजारी पडून आहे.

मामींना मी दोन गोष्टी देणं लागतो. एक ते बटण. दुसरं हे वाक्य, की हात त्यांचे चुकले नव्हते, माझा चुकला होता. दोन्ही अजून दिलेली नाहीत.