भाजीवाली कोणी करायची

कापूस बुडाला की आमचा पालक घरी परत यायचा. आमच्याकडे कापूस नव्हता. हिवरखेडच्या शिवेवर एक विहीर आणि तिच्याभोवती एकरभर मळा, त्यात वांगी, मेथी, पालक, सांभार. पण बाजारात भाजी घेणारे हात कापसाचेच. त्या वाईट वर्षांत बाया यायच्या, पालकाची जुडी उलटीपालटी करून पाहायच्या आणि नुसता सांभार घेऊन जायच्या. सांभार म्हणजे कोथिंबीर, चटणीला पुरते. उरलेला पालक आम्ही दोन दिवस खायचो, तिसऱ्या दिवशी बकरी खायची. पुढे पुढे बकरीही तोंड फिरवू लागली.

अशा बाजारात माझ्या आईचा माल इतरांच्या आधी उठायचा तो तिच्या तोंडामुळे. कोणी वांगं दाबून दाबून पाहू लागलं, की ती म्हणायची, "पाव्हणे, भाजी करा लागते का सोयरीक? किती दाबता त्याले!" एखादी सून टमाटे निवडताना आपटायला लागली, की, "बाई, सासूचा राग माह्या टमाट्यावर नको काढू वो." लोक हसायचे, हसल्यावर हात आखडता घ्यायची लाज वाटायची, आणि अर्धा किलो तरी पिशवीत पडायचं.

तिचा एक नियम मात्र होता. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. बोहणीचा माणूस म्हणेल तो भाव, घालायची नाही हुज्जत. बाबांनी तसं केलं, आजीनं तसं केलं, आणि तराजू हातात धरता येऊ लागला तेव्हापासून मीही तसंच केलं.

मी घरातला पहिला पदवीधर. अकोल्याच्या कॉलेजात शिकलो. निकालाचा कागद बाबांनी उलटा धरून पाहिला आणि "चांगला हाये" म्हणाले. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तो कागद सुलटा धरायला शिकणारा आमच्यात मीच पहिला होतो.

कॉलेजात माझ्यासोबत गावचाच एक दोस्त होता. त्याचे अब्बा मनियार, बांगड्या विकायचे. बाजारात त्यांची चादर आमच्या पोत्याला लागून. त्याच्या घरी हिंदी, चादरीवर वऱ्हाडी, माझ्या आईला तो मावशी म्हणायचा. स्नेहसंमेलनात आम्ही दोघांनी एक प्रहसन बसवलं. मी भाजीवाली, तो चिकट गिऱ्हाईक. प्रहसन मी लिहिलं, म्हणजे आईचं तोंड कागदावर उतरवलं. डोक्याला फडकं बांधून मी स्टेजवर बसलो, पालकावर पाणी शिंपडलं, आणि पहिल्याच वाक्याला पोरं बाकांवर उभी राहिली. युवक महोत्सवातही नंबर आला. मला वाटलं, हे आपलं. नोकरी लागो न लागो, हे आपलं.

त्या काळात आमच्या भागात टीव्हीचे कॅमेरे यायचे ते रडणारं घर शोधत. म्हणून अमरावतीला कोणी हसवणारी माणसं शोधायला येत आहे हे ऐकलं, तेव्हा आम्हाला ते खरंच वाटेना. एका विनोदी कार्यक्रमाची निवड होती. आम्ही पहाटेची एसटी धरून सगळ्यांच्या आधी पोचलो. पहिला नंबर आमचाच.

समोर तीन माणसं. मधल्याचा चहा अजून यायचा होता. आम्ही प्रहसन केलं. तो हसला, पण मग मान तिरकी करून म्हणाला, "असं करू या का? तुम्ही गिऱ्हाईक व्हा आणि ह्यांना भाजीवाली करू द्या. बघू तर."

मी नाही म्हणू शकलो असतो. लिहिलं मी, आई माझी, दोन वर्षं ते सोंग करत होतो मी. पण सकाळची वेळ, दिवसाचं पहिलं काम, आणि समोरचा काहीतरी मागत होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घ्या ना साहेब." डोक्याचं फडकं सोडून मी दोस्ताच्या हातात दिलं. तो कुजबुजला, "अबे, खरंच देऊन राहिला?" मी म्हटलं, "घे न बे, दिवस चांगला जाते."

दिवस त्याचा चांगला गेला. तो बसला तो आईसारखा डावा गुडघा वर घेऊन. हे मी कधी केलं नव्हतं. जन्मभर शेजारच्या चादरीवरून त्यानं तिला बाजूनं पाहिलं होतं, मी मागून. पिशव्या सांभाळणाऱ्या लेकाला आईची पाठ दिसते. महिनाभरानं पत्र आलं, त्याच्या एकट्याच्या नावानं.

मी बी.एड. केलं, शाळेत लागलो. त्यानं मुंबईत आधी शिपाई केला, मग हवालदार, मग नवरदेवाचा मामा. तिसऱ्या वर्षी भाजीवाली केली आणि ती महाराष्ट्रभर झाली. स्टाफरूममध्ये मास्तर लोक डबा खाता खाता तिची वाक्यं म्हणायचे. "सर, तुमच्याच गावचा ना हो?" मी म्हणायचो, "हो, ओळखतो." जन्मापासूनच्या दोस्ताबद्दल मी "ओळखतो" म्हणायचो. टीव्हीवर तो आला की मी चुका शोधत बसायचो. तराजू उजव्या हातात धरतो. सांभार मुळांसकट देतो. एकदा त्यानं थंडीतली हरभऱ्याची भाजी भर पावसाळ्यात विकली, तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "एवढं जळता तर बंद कावून नाही करत?" बंद करायचो नाही. त्या वाक्यावर लोक हसले की नाही, ते मला मोजायचं असायचं.

आणि आई? ती माझ्या चुका मोजण्याला कंटाळून शेजाऱ्यांकडे टीव्ही पाहायला जायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. घरी येऊन सांगायची, "लय बरोब्बर करून राहिला पोट्टा."

मग एका ईदला तो गावी आला, आणि नेमका बाजाराचा दिवस. त्यानं आईच्या डोक्याचं फडकं घेतलं, आपल्या डोक्याला बांधलं, आणि पोत्यावर बसला. अख्खा बाजार आमच्यापुढे जमला. "मावशी, तू सर तिकडं, आज दुकान माझं." लोक वांगी घ्यायला नाही, टोमणा खायला येत होते. जो तो म्हणे, "भौ, मलेही एक बोल न!" माल तासाभरात उठला. मी, बी.ए. बी.एड., त्याच्या मागे बसून तोलून देत होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. एकानं पाहिलं, तो म्हणाला, "मास्तर, सुटे आहेत का?"

तो अब्बांकडे गेल्यावर आई पोती झटकत म्हणाली, "पायगुण पाहा त्याचा. पालकाची काडी नाई उरली."

मी फुटलोच. "थे सोंग माहं होतं."

"तुह्यं कसं? मी जिती हाये न अजून."

"मी लिहिलं, मी करत होतो. अमरावतीले त्याच्या हाती मी देलं."

"देलं कावून मंग?"

इतक्या वर्षांत मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. "पहिला नंबर होता. थो साहेब मागून राहिला होता. बोहनीच्या गिऱ्हाइकाले नाही कसं म्हणू?"

आईनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. शेजारची मिरचीवाली काय झालं म्हणून वळून पाहू लागली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हसू थांबेना.

"अरे येड्या, बोहनीले भाव कमी करा लागते! तराजू नाई द्या लागत!"

मी कितीतरी जणांना हसवलं असेल, पण आईला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. तेही मी सोंग करत नव्हतो तेव्हा. तिनं तराजू उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घे. आन् डाव्या हातानं धर. थोही चुकते, तूही चुकते."

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा लिहिलं. या वेळी एकट्याचं. दर बाजाराला मी पिशव्यांमागे न बसता मनियाराच्या चादरीवर बसलो आणि आईकडे बाजूनं पाहिलं. अब्बा म्हणायचे, "क्या मास्तर, चूडियाँ बेचने का इरादा है क्या?" अकोल्याला प्रयोग ठेवला. संयोजक म्हणाले, वेळ कमी आहे, सुरुवातीचा बाजार गाळा. मी म्हटलं, पाच मिनिटं कमी करतो, बाजार गाळत नाही. दोस्ताला बोलावलं नाही. तो टीव्हीवर आहेच, आणि आजही दिसला की मी त्याच्या चुका मोजतो. ती खोड जाईल असं मला वाटत नाही.

आई पहिल्या रांगेत बसली होती. मी डावा गुडघा वर घेतला तेव्हा ती शेजारच्या बाईला मोठ्यानं म्हणाली, "पाह्य, आता बसला माह्यासारखा."

पुढे अकोला आणि अमरावती मिळून या खेळाचे एकतीस प्रयोग झाले. लिहिला मी. भाजीवाली मीच केली.