परत न आलेली गिऱ्हाईकं

बाबांचं कराडला मेडिकल. आता ते माझा चुलतभाऊ बघतो, पण चाळीस वर्षं त्या काउंटरमागे बाबाच उभे होते आणि तेवढ्या काळात निम्म्या पेठेने डॉक्टरचं तोंड पाहिलं नसेल. खोकला, जुलाब, खरूज, डोळे आलेले, काहीही असो, बाबांना सांगायचं. बाबा मागे न बघता हात लांबवून फळीवरची पट्टी काढणार, कात्रीने चार गोळ्या कापून पुडीत घालणार आणि वर "तेलकट खाऊ नका" म्हणून बजावणार. डॉक्टरची चिठ्ठी मागायची पद्धत नव्हती. हे कायद्यात बसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण कायद्यापेक्षा अनुभवावर त्यांचा जास्त विश्वास. कुणी शंका काढलीच तर त्यांचं वाक्य तयार असायचं: "गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे बरं झालं."

आई गेल्यापासून ते दर उन्हाळ्यात आमच्याकडे आयर्लंडला, कॉर्कला येतात. येताना मेतकूट, लसणाची चटणी आणि मिठाईच्या चपट्या डब्यात गच्च भरलेली औषधं. हा डबा ते आल्या आल्या किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, साखरेच्या बरणीशेजारी ठेवतात. मी इथे एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एक सही राहिली तर अख्खी बॅच अडवायचा मला पगार मिळतो. तो डबा मात्र मला एकदाही अडवता आलेला नाही.

यंदा आमच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीच्या काचेत नवी पाटी लागली होती. साध्या दुखण्यांसाठी आता फार्मासिस्टच तपासून औषध लिहून देणार, डॉक्टरची अपॉइंटमेंट नको, अशी. इथे डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत सर्दी आपोआप जाते आणि दुसरी येते, त्यामुळे आम्ही सगळे खूश होतो. बाबांनी फिरायला जाताना ती पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. ओठावरचे फोड, डोळे येणं, तोंड येणं, नागीण. एकेका नावाला ते मान डोलवत होते. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? यांना आत्ता सुचलं होय!"

लगेच आत जाऊन त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. आय ऑल्सो केमिस्ट. फार्मासिस्ट बाई पन्नाशीच्या, कॉर्कच्या हेलात बोलणाऱ्या, अगदी अघळपघळ. त्यांनी बाबांना आतली तपासायची छोटी खोली दाखवली, दोन खुर्च्या, एक दिवा, हात धुवायचं बेसिन. बाबांना खोली फार आवडली. पण बाहेर आल्यावर त्यांची कुरकुर सुरू झाली. आमच्यासमोरच ओठावर फोड आलेली एक मुलगी आत गेली होती आणि पंधरा मिनिटं झाली तरी बाहेर आली नव्हती. एवढं काय विचारत बसायचं, एवढ्यात माझी वीस गिऱ्हाईकं झाली असती, असं ते घरापर्यंत सांगत होते. कौतुक आणि असूया, दोन्ही होतं त्यात. सरकारने याची परवानगी दिलेला माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात नातीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. बाबांनी आदल्या दिवशी केस काळे केले. नातीने बघून सांगितलं, "आजोबा, यू लुक ग्रँड." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कॉर्कचं येतं. बाबा दिवसभर त्या ग्रँडवर खूश होते.

शाळेतून आल्यावर उजव्या कपाळाची आग होतेय म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिथे लाल पुरळ उठलं, केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत. त्यांनी आरशात बघितलं आणि निकाल देऊन टाकला: डायची ॲलर्जी. डबा उघडला, मलमाची ट्यूब काढली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात असते तीच, खाजेला, गजकर्णाला, किडा चावल्याला, सगळ्याला चालणारी. त्यात स्टेरॉइड असतं, त्याने लाली दबते पण मूळ दुखणं आत वाढू शकतं, हे मला माहीत होतं, त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. मी म्हटलं, डाय तर सगळ्या डोक्याला लावला होता, मग पुरळ एकाच बाजूला कसं? तर म्हणे, त्या बाजूला ओघळला असेल. मी म्हटलं, कोपऱ्यावर जाऊन दाखवू या. त्यावर ते खरंच दुखावले.

"तिला मी काय दाखवू? हात दाखवून अवलक्षण! तिनं मला विचारायला पाहिजे."

मी चिडले, नवरा समजुतीच्या चार गोष्टी सांगायला गेला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि मलमाने लाली खरोखरच उतरली. संध्याकाळी त्यांनी कपाळ माझ्यापुढे धरलं, बघ म्हणाले, गेली का नाही? मी बघितलं, गेली होती. ज्या माणसाने आपल्या लहानपणचा प्रत्येक ताप उतरवला, त्याचा हात धरून त्याला तपासायला न्यायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आग मात्र थांबली नव्हती. ते रात्री कपाळावर ओला टॉवेल ठेवून झोपत होते आणि सकाळी मला सांगत होते की इथली गादी मऊ आहे म्हणून झोप येत नाही.

मग एका सकाळी पापणी सुजलेली, डोळा लाल, आणि नाकाच्या उजव्या अंगाला शेंड्यापर्यंत बारीक पाणीदार फोड. डब्यात डोळ्याचे ड्रॉप्स नव्हते. त्यामुळे तेच म्हणाले, "डोळे आलेत. ते आहे की तिच्या पाटीवर. चल, ड्रॉप्स घेऊन येऊ." मला इतकं बरं वाटलं की मी चहा अर्धा टाकून चप्पल घातली. वाटेत ते मला पटवत होते की हे दाखवणं नव्हे, नुसतं घेऊन येणं आहे.

बाईंनी त्यांना त्या छोट्या खोलीत बसवलं. दिवा जवळ घेतला, पण कुठे हात लावला नाही. आधी काय झालं, कधीपासून, दुखतंय की खाजतंय, अंधुक दिसतंय का. काही लावलंत का, असं विचारल्यावर बाबांनी खिशातून ट्यूब काढून पुढे केली. बाईंनी मागचे बारीक अक्षरांतले घटक शांतपणे वाचले आणि ट्यूब टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता बाबांकडेच बघून त्यांनी सांगितलं की ही नागीण आहे, कपाळावरची, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले म्हणजे ती डोळ्यात उतरायची मोठी शक्यता असते. आजच्या आज डोळ्याच्या डॉक्टरने बघायला हवं.

नागीण हा शब्द मी मराठीत सांगितला तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी आयुष्यात शेकडो नागिणी पाहिल्या होत्या, काव लावून आलेल्या, दुर्वा वाटून लावून आलेल्या. मलमाखाली दबलेली स्वतःची तेवढी ओळखली नव्हती. पण ते धंद्यातले होते, लगेच सावरले. यावरच्या गोळ्या त्यांना तोंडपाठ होत्या. नागीण पाटीवर होती आणि गोळ्या बाईंच्या मागे, दाराबाहेरच्या फळीवर होत्या.

"गोळ्या तिच्याच दुकानात आहेत. लिहायची परवानगी आहे. दे म्हणावं की."

मी विचारलं. बाईंनी मान हलवली. अंगावरची साधी नागीण असती, तुम्ही पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत आला असता, तर मी लगेच लिहून दिलं असतं, म्हणाल्या. चेहऱ्यावर डोळ्याजवळ आली की माझी हद्द संपते. बाबांनी मला परत सांगायला लावलं की आम्ही एकाच धंद्यातले आहोत. मी सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं, कारण त्यांचा आवाज विनवणीवर आला होता आणि मी तो आधी कधी ऐकला नव्हता. बाई थोडं थांबल्या.

"मला परवानगी असती तरी मी दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "मला डोळ्याच्या आतलं दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही."

हे मात्र मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. बाईंनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला, पत्र लिहून दिलं आणि एक पैसा घेतला नाही. बाबा उठताना टेबलावरची ट्यूब घ्यायला विसरले, की मुद्दाम तिथेच ठेवली, मला माहीत नाही.

हॉस्पिटलात आम्ही बसून राहिलो. शेजारी बोट सुजलेला एक उंच माणूस होता, त्याने बाबांचा डोळा बघून यू'ल बी ग्रँड म्हटलं. इथे मरणाच्या दारातल्या माणसालाही ग्रँडच म्हणतात. एरवी मला हसू आलं असतं. बाबांना मधूनमधून कपाळात कळ येत होती, तेव्हा ते माझं मनगट धरत होते आणि कळ गेली की सोडत होते. मी कारखान्यात याच जातीच्या गोळ्यांचे कागद तपासते. तिथे बसून मी फक्त पाण्याची बाटली भरून आणू शकत होते, ती मी सारखी भरून आणत होते.

डोळ्याच्या डॉक्टरांनी बुबुळात सूज असल्याचं सांगितलं. गोळ्या सुरू केल्या, ड्रॉप्स दिले, सारखं दाखवायला यायला सांगितलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला. पुरळ उठलं त्याच दिवशी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, लवकर येणं केव्हाही चांगलं, पण या डोळ्याचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. मला त्यांचा राग आला. हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा. बाबांनी मात्र ड्रॉप्सची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

परतीचं तिकीट पुढे ढकललं. फोड सुकले, खपल्या पडल्या, कपाळावर पांढरट डाग राहिले. उजव्या डोळ्याने त्यांना तेलकट कागदातून बघितल्यासारखं दिसतं, आणि ते किती सुधारेल हे अजूनही कुणी सांगत नाही. जिना उतरताना ते कठडा धरतात. चहा ओतताना कपाच्या बाहेर जातो, तेव्हा मी दुसरीकडे बघते. कोपऱ्यावर गेलं की फार्मासिस्ट बाई काउंटरमागून बाहेर येऊन त्यांची चौकशी करतात.

कराडहून फोन येणं थांबलं नव्हतं. जुनी गिऱ्हाईकं अजून व्हिडिओ कॉल करतात, पोराची पाठ दाखवतात, म्हातारीची जीभ दाखवतात. बाबा एरवी चष्मा सरसावून दोन मिनिटांत नाव सांगायचे. परवा एकाने बायकोच्या गळ्यावरचं पुरळ दाखवलं. बाबांनी फोन डाव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"डॉक्टरला दाखव," ते म्हणाले.

पलीकडचा माणूस हसला. "दादा, डॉक्टरकडं जायचं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

बाबांनी आणखी एकदा तेच सांगितलं, मग नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. मी चहा घेऊन आले तेव्हा ते खिडकीत बसले होते, फोन मांडीवर उलटा ठेवून. मी कप त्यांच्या डाव्या हाताला ठेवला.

"दुकानात जी परत आली नाहीत," ते म्हणाले, "ती सगळी बरी झाली असतील का गं?"

"बरीचशी झालीच असतील, बाबा."

त्यांनी मान वळवून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "तसं नको. तिच्यासारखं सांग."

त्या छोट्या खोलीतला दिवा मला आठवला, आणि बाईंचं ते थोडं थांबणं. मीही थांबले. मग सांगितलं.

"मला माहीत नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि हाताने चाचपत कप उचलला.