दूध तोडलं त्या आठवड्यात

मी आरोग्य सेविका आहे. उपकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला मी ठासून सांगते, बाई, लेकराला दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत अंगावर पाज, मधेच तोडू नको. माझ्या स्वतःच्या मुलीला दोन वर्षं व्हायला चार महिने बाकी होते आणि मी तिचं दूध तोडायला बसले होते. पुढच्या सोमवारपासून मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अकोल्याला राहायचं होतं. मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा इथेच पिंपळगावला सासूबाईंपाशी राहणार होते. मुलाची चिंता नव्हती. हातात मोबाइल दिला की आई कुठे आहे हे तो विचारत नाही. मुलगी मात्र वरणभातसुद्धा माझ्या मांडीवर बसून, मधूनमधून पदराखाली शिरूनच खायची. ती रविवारपर्यंत सुटली नाही तर माझं जाणं रद्द, असं मी नवऱ्याला सांगून ठेवलं. तो ‘बरं’ म्हणाला. तो कशालाही बरंच म्हणतो.

सासूबाईंच्या मते मी आधीच उशीर केला होता. उन्हात दूध तोडलं की लेकरू सुकतं, थंडी सरता सरता तोडावं, असं त्यांचं म्हणणं. ‘आता तोड, नाई तं मंग पाणी पडल्यावरच,’ त्या म्हणाल्या आणि सोमवारी सकाळी त्यांनी अंगणातली कोरफड कापून तिचा गर माझ्यासमोर ठेवला. मी तो लावला. मुलगी आली, तोंड लावलं, चेहरा वाकडा केला, फ्रॉकच्या टोकाने सगळं नीट पुसून घेतलं आणि पुन्हा प्यायली. सासूबाई हसता हसता खाली बसल्या. ‘मायवाणीच डोकंबाज हाये पोट्टी,’ म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

मंगळवारी कडुनिंबाचा पाला वाटला. तो लागू पडला. मुलगी इतकी रडली की शेजारच्या काकू पदराला हात पुसत विचारायला आल्या. बुधवारी सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझी छाती आवळून बांधली आणि मुलीला स्वतःच्या अंथरुणात घेतलं. ‘तीन दिवस रडते, मग विसरते,’ हे वाक्य मी आजवर किती बायांना सांगितलं असेल, गणती नाही. त्या तीन दिवसांत आईचं काय होतं, ते कोणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. मोठ्याच्या वेळी पुन्हा दिवस गेले, दूध आपोआप आटलं, त्यामुळे अनुभव शून्य. आता छाती दगड झाली होती. हात वर करून दोरीवर कपडे टाकता येत नव्हते.

गुरुवारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. आधी वारा सुटला, मग पत्र्यावर कोणी मूठमूठ हरभरे फेकावे तसा आवाज सुरू झाला आणि बघता बघता तो इतका वाढला की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. गारा हरभऱ्याएवढ्या होत्या, त्या बोराएवढ्या झाल्या. दहा-बारा मिनिटांत अंगण पांढरं. मुलाने मोबाइलमधल्या कार्टूनमध्ये बर्फ पाहिलेला. ‘बर्फ! बर्फ!’ करत त्याने स्वेटर आणि माकडटोपी मागितली. फेब्रुवारीच्या शेवटी मी ती पेटीत टाकून मोकळी झाले होते. त्याने भोकाड पसरलं तेव्हा काढून द्यावी लागली. टोपी आणि स्वेटर घालून तो दारात उभा राहिला, खाली चड्डीचा पत्ता नाही.

गारा थांबताच नवरा आणि सासरे मोटारसायकल काढून वावराकडे गेले. ओंबीवर आलेला गहू आडवा झाला असणार, हे सगळ्यांना कळत होतं.

सासूबाईंनी पातेलं घेतलं आणि दोन्ही लेकरांना अंगणात उतरवलं. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले. मुलगा मुठी भरभरून पातेल्यात टाकत होता आणि अर्ध्या बाहेर सांडत होता. मुलीने एक गार उचलली, दचकून टाकली, स्वतःच्या ओल्या हाताकडे पाहिलं, मग आजीकडे. ‘घे व माय, काई नाई करत,’ आजी म्हणाल्या. तिने दुसरी उचलली आणि सरळ तोंडात घातली. तिचे डोळे मोठे झाले. मग ती गार गालात धरून चोखत उभी राहिली, हनुवटीवरून पाणी ओघळतंय, आणि ती पुढची गार शोधतेय.

तासभर ती माझ्याकडे फिरकली नव्हती. तिने एकदा वळूनही पाहिलं नव्हतं. हेच तर मला हवं होतं. यासाठीच मी तीन दिवस तिला ढकलत होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्या गारेचा मला हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

सासूबाईंची पाठ माझ्याकडे होती. मी पदराआड पट्टीची गाठ सोडली आणि हलक्या आवाजात मुलीला हाक मारली. ‘ये. दुदू पी, ये.’ अकोला, प्रशिक्षण, रविवार, त्या घटकेला मला काही आठवत नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. ती रुसलेली नव्हती. पोट भरल्यावर आपण वाढणाऱ्याला नको म्हणतो तशी तिने मान हलवली, आणि वाकून पायाजवळची गार उचलली.

सासूबाई वळल्या. त्यांनी सुटलेली पट्टी पाहिली. मी पदर ओढून घेतला आणि बोलणी खायच्या तयारीने बसले. तीन दिवस त्या राबल्या होत्या, आणि मी त्यांच्या पाठीमागे हे करायला निघाले होते. पातेल्यातल्या गारा त्यांनी दोरीवरच्या पंच्यात ओतल्या, पिळा मारून गाठोडं केलं, माझ्यासमोर मांडी घातली आणि ते गार गाठोडं स्वतःच्या हाताने माझ्या छातीला दाबून धरलं. आधी चटका बसला. मग ठणका हळूहळू उतरायला लागला, आणि तो उतरताच मी रडायला लागले. हुंदका आवरेना, आवाजही आवरेना.

मुलगा टोपी सावरत धावत आला. ‘आजी, आई काऊन रडून राह्यली?’

सासूबाईंनी गाठोडं जागचं हलू दिलं नाही. ‘तुह्या बहिणीचं तुटलं बापू,’ त्या म्हणाल्या. ‘आता तुह्या मायचं तोडून राह्यली मी.’