सोनापूरच्या मंडपातला फोटो

आमच्या फायनान्स कंपनीच्या दुबईच्या ऑफिसात रिसेप्शनमागे एक पितळी पाटी होती. इथे कुणाचा देश, वंश किंवा धर्म पाहिला जात नाही, असं तिच्यावर इंग्रजीत आणि अरबीत कोरलेलं होतं. तिच्यापासून दहा पावलांवर बसून दत्तप्रसाद नेरूरकर अकरा वर्षं लोकांचे देश पाहत होते. कर्जाच्या अर्जात पहिला रकाना राष्ट्रीयत्वाचा. कुठल्या देशाच्या माणसाला किती द्यायचं, त्याचा तक्ता त्यांच्या खणात असायचा. तो तक्ता त्यांनी केलेला नव्हता. पण रोज तो काढताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा, हे मी शेजारच्या टेबलावरून पाहिलेलं आहे.

नेरूरकर मुंबईतली बँकेची कायम नोकरी सोडून १९९१ला इथे आले. करामा भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको शोभनावहिनी, मुलगी मैथिली. अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात दोन पेनं, एक स्वतःचं आणि एक मागणाऱ्यांसाठी. आवाज कधी चढायचा नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

अठ्ठ्याण्णवला कॉलिन नावाचा पंचविशीतला इंग्रज पोरगा आला. कर्ज म्हणजे काय, हे त्याला नेरूरकरांनी सहा महिने शेजारी बसवून शिकवलं. दोघांचं काम एक, टेबलंही एकाच मापाची. एकदा त्याची पगाराची स्लिप प्रिंटरवर राहिली आणि माझ्या हाती लागली. सोळा हजार दिरहॅम, म्हणजे एक लाख ऐंशी हजारांच्या वर रुपये, शिवाय जुमेराला व्हिला. नेरूरकरांना साडेपाच हजार. मी तणतणत त्यांच्याकडे गेले.

"अर्चना, हे पासपोर्टचं पॅकेज आहे," ते म्हणाले. "सगळ्या दुबईला ठाऊक आहे."

"आणि ती पाटी?"

"पाटी क्लायंटसाठी असते हो."

नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आणि कॉलिनचा पासपोर्ट त्याच्या घरी त्याच्या कपाटात. आमचे सगळ्यांचे तिसऱ्या मजल्यावरच्या कंपनीच्या तिजोरीत. सुट्टीवर जायचं तर अर्ज करायचा, सही करायची, मग आपलाच पासपोर्ट आपल्याला मिळायचा. आम्हाला त्यात काही वावगंसुद्धा वाटेनासं झालं होतं.

याच सुमारास किसनची गाठ पडली. किसन रत्नागिरीकडचा, बिल्डिंगच्या साइटवर शटरिंगचा सुतार. काँक्रीट ओतण्याआधी लाकडाचे साचे ठोकतात, ते त्याचं काम. खातं उघडायला तो दुपारी साइटवरून थेट आला, निळा कवरऑल, बुटांना सिमेंट. गार्डने दारातच अडवलं. "ऑर्डर है भाई, कवरऑलवाला अंदर नहीं." काचेच्या आत एसी, बाहेर ऑगस्ट. नेरूरकर उठले, फॉर्म घेतला आणि बाहेर जाऊन फुटपाथवर त्याच्याशेजारी बसले. अर्ध्या तासाने आत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि फॉर्म अर्धाच भरलेला होता. किसनचा पासपोर्ट त्याच्या काँट्रॅक्टरच्या ऑफिसात होता, आणि मूळ पासपोर्ट हातात घेऊन पाहिल्याशिवाय खातं नाही, हा आमचा नियम.

त्यानंतर नेरूरकर दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सोनापूरला जाऊ लागले. मुहैस्नाहच्या लेबर कँपला सगळे सोनापूरच म्हणतात. तिथे एका खोलीत बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक. तीच त्यांची बँक. किसनच्या ट्रंकेचं कुलूप एकदा फुटलं आणि सात महिन्यांची कमाई गेली. बहिणीच्या लग्नाला ठेवलेली होती. हे सांगतानाही तो चिडला नव्हता, असं नेरूरकर म्हणाले. चिडायला आम्ही इथे एसीत बसलेलो होतो ना!

२००१च्या अखेरीस लंडनच्या मुख्य ऑफिसातून फर्मान आलं. ज्यांना आजवर बँकेचं दार बंद होतं, अशा वंशांच्या, देशांच्या, गरीब कामगारांच्या समाजात कंपनी आता गुंतवणूक करणार. योजनेचं नाव 'ओपन डोअर'. प्रमुख कोण? कॉलिन. लेबर कँपचं तोंडही न पाहिलेला माणूस! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माहिती सगळी नेरूरकरांच्या शुक्रवारांची.

नेरूरकर मात्र हरखले होते. अकरा वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन पानी टिपण लिहिलं, मी टाइप केलं. पासपोर्टची फोटोकॉपी, लेबर कार्ड आणि काँट्रॅक्टरचं पत्र, एवढ्यावर खातं उघडावं. मूळ पासपोर्टचा हट्ट धरला तर सोनापुरात एकही खातं उघडणार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी मला ठळक करायला लावलं.

कॉलिनने ते मीटिंगमध्ये उलटं पालटं केलं. नेरूरकरांना तो डी. पी. म्हणायचा. "ग्रेट पॅशन, डी. पी. बट रूल इज रूल. दे कॅन जस्ट ब्रिंग देअर पासपोर्ट्स, राइट?"

नेरूरकर म्हणाले, "दे डोन्ट हॅव देम, कॉलिन."

"वेल, देअर एम्प्लॉयर्स आर अवर क्लायंट्स. लेट्स नॉट गो देअर."

म्हणजे ज्या काँट्रॅक्टरने पासपोर्ट कोंडून ठेवलेत तो आमचा मोठा कर्जदार. त्याला दुखवायचं नाही आणि त्याच्या माणसांना दार मात्र उघडायचं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सोनापुरात मंडप पडला. पांढऱ्या टोप्या, ज्यूसची पाकिटं, बिर्याणी, व्हॅनच्या टपावर फोटोग्राफर. चारशेच्या आसपास माणसं आंघोळ करून, केसांना तेल लावून आली होती. किसन सर्वांत पुढे, इस्त्रीच्या शर्टात. मी फॉर्मांच्या टेबलावर बसले होते. पहिला माणूस आला. पासपोर्ट? नाही. पुढचा. पासपोर्ट? नाही. दोन तासांत मी माणसं परत पाठवण्याचं यंत्र झाले होते. खाती उघडली गेली अकरा, आणि तीही फोरमन लोकांची; पासपोर्ट फक्त त्यांच्याच हातात, आणि खातं होताच ते निघून गेले. किसन माझ्यासमोर आला आणि त्याने पासपोर्टची मळकी फोटोकॉपी नीट सरळ करून टेबलावर ठेवली. "ताई, नेरूरकर साहेब म्हणाले होते की बघू." मी मान खाली घालून ती परत सरकवली.

मग भाषणं. हिंदी बोलणारा हवा म्हणून नेरूरकरांना स्टेजवर बोलावलं आणि कॉलिनच्या भाषणाचा तर्जुमा हातात दिला. काँट्रॅक्टरचा पीआरओ जमाल पुढच्या खुर्चीवर घड्याळ बघत होता. "यल्ला, यल्ला," तो म्हणाला, म्हणजे आटपा लवकर. नेरूरकरांनी अर्धं पान वाचलं. "आज से यह दरवाज़ा सबके लिए खुला है" इथपर्यंत आले आणि थांबले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

"भाइयो," ते म्हणाले, नेहमीच्याच आवाजात, "जिसका पासपोर्ट उसके अपने पास है, वह हाथ ऊपर करे."

मंडपात एकही हात हलला नाही.

"और जिसका पासपोर्ट कंपनी के पास बंद है?"

आधी किसनचा हात वर गेला. मग शेजारचा, मग मागचा, मग बघता बघता सगळ्या मंडपाचे. आणि स्टेजवर उभ्या नेरूरकरांनी स्वतःचाही हात वर केला. जमाल ताडकन उठला आणि ओरडला, "खलास! खलास!" कॉलिनला हिंदी येत नव्हतं. तो हसत टाळ्या वाजवत होता.

शनिवारी सकाळी काँट्रॅक्टरचा फोन आला. रविवारी नेरूरकरांना पत्र मिळालं, नोकरी संपली, व्हिसा रद्द. ऑफिसात कुणी ब्र काढला नाही. मीही नाही. माझा मुलगा सुयश नववीत होता, घराचं भाडं होतं, कारणं काय, हवी तेवढी सापडतात. नेरूरकरांनी ड्रॉवर रिकामा केला, तक्ता कॉलिनच्या टेबलावर ठेवला आणि तिजोरीतून आपला पासपोर्ट घेऊन गेले. देश सोडायचा होता, म्हणून तो विनाअर्ज मिळाला!

मैथिलीची परीक्षा होईपर्यंत ते कसेबसे थांबले. एप्रिलमध्ये कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आला. मी एक प्रत घेऊन करामात गेले. घरात खोकी बांधलेली, शोभनावहिनी पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी येताच त्या म्हणाल्या, "बघा हो अर्चना, अकरा वर्षांचा संसार आणि दहा खोकी."

मधल्या दोन पानांवर तो फोटो होता. शेकडो हात वर, आणि खाली लिहिलेलं: 'ओपन डोअर'ला सोनापूरच्या कामगारांचा उत्स्फूर्त होकार. माझं डोकं फिरलं होतं, फाडून टाकावा असं वाटत होतं. नेरूरकरांनी चष्मा लावला, बराच वेळ फोटो पाहिला आणि बोट ठेवून म्हणाले, "किसन छान आलाय."

मैथिली मागून वाकली. "वॉव, बाबा! दे ऑल सेड येस!"

"हो म्हणाले. मी विचारलं होतं, पासपोर्ट कुणाकुणाचा अडकलाय."

ती आणखी खाली वाकली. मग फोटोच्या डाव्या कडेला टेबलामागे बसलेल्या बाईकडे तिचं लक्ष गेलं. त्या बाईचे दोन्ही हात फॉर्मांच्या गठ्ठ्यावर होते.

"अर्चना आंटी, धिस इज यू. युअर हँड इज नॉट अप. यू हॅव युअर पासपोर्ट?"

वहिनींचे हात पातेल्यावर थांबले. नेरूरकर माझ्याकडे बघत नव्हते, ते मुद्दाम अहवाल मिटत होते.

"नाही," मी म्हटलं. "माझाही तिजोरीतच आहे."