शहादेव वडिलांच्या हातातली किल्ली

शहादेव वडील आमच्या मंडळीत फार शहाणे समजले जायचे. समजायला आमच्या मंडळीचं काय जातं? घाटनांदूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, पत्र्याचं एक देऊळ आणि त्याच्या आजूबाजूला थोडी ख्रिस्ती घरं. जो ताठ बसून बोलेल तो शहाणा. 'वडील' हे त्यांचं नातं नव्हे, हुद्दा. पाळकाच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूच्या, खालोखाल मंडळीचा कारभार बघणाऱ्याला आमच्यात वडील म्हणतात. शहादेवांनी तो हुद्दा इतका अंगी बाणवला होता की घरात बायकोसुद्धा त्यांना वडीलच म्हणायची.

त्यांच्या शहाणपणाची रीत ठरलेली. कुणी काही मागायला आलं की म्हणायचे, "माझी काही ना न्हाई, पण पाळकसाहेबांना चालायचं न्हाई." आणि पाळकांकडे जाऊन म्हणायचे, "मला पटतंय, पण मंडळी ऐकायची न्हाई." दोन्हीकडे स्वतः स्वच्छ. उभ्या जन्मात या माणसाने स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि आम्ही याला मुत्सद्दीपणा म्हणायचो.

आमचे पाळक आश्रुबा नेकनूरकडचे. बोलायला सावकाश. काही ठरवायची वेळ आली की "विचारून सांगतो" म्हणायचे. कुणाला विचारणार, ते सगळ्यांना ठाऊक. यावर शहादेव बाहेर येऊन हसायचे. "देव काय कलेक्टर हाय का बे, अर्ज केला की जबाब द्यायला?"

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या. मिशनच्या आवारातल्या आमच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. आवाराच्या फाटकाला कुलूप असायचं आणि किल्ली पाळकांच्या खिशात. सकाळी त्यांनी फाटक उघडलं की आमच्या बायका, बौद्धवाड्यातल्या बायका, आणि एरवी आमच्या विहिरीकडे न फिरकणाऱ्या मोठ्या घरच्या बायकाही घागरी घेऊन रांगेत. तहानेने लोकांचं सोवळं किती लवकर सुटतं, ते मी तेव्हा पाहिलं.

माणिकराव हे गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांची मोसंबीची बाग वाळायला लागली होती. मग त्यांना सहकार आठवला. मिशनच्या विहिरीवर इंजिन बसवायचं, गावाच्या भल्यासाठी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढायची, शहादेवांना सेक्रेटरी करायचं आणि देवळाला नवे पत्रे द्यायचे. गावाचं भलं नेमकं मोसंबीच्या बागेत पिकत होतं, हा योगायोग.

शहादेवांनी मंडळीला पटवलं. चेअरमनशी वाकडं घेऊन गावात राहता येत नाही. पाळक आज आहेत, उद्या बदलून जातील, पत्रे राहतील. त्यांच्या बोलण्यात कुठे फट नव्हती. इंजिन लागलं की विहीर आठवडाभरात कोरडी पडणार, एवढंच सांगायचं राहिलं. ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर कुणी विषय काढला नाही.

आडवे येत होते एकटे पाळक. तेव्हा शहादेव रविवारच्या उपासनेत प्रार्थनेला उभे राहिले. आमच्यात ही एक कला आहे. ज्याला तोंडावर बोलायची छाती नाही, त्याने डोळे मिटून देवाला सांगायचं आणि ज्याला लागायचं त्याला लागू द्यायचं. शहादेव गहिवरून म्हणाले, "हे प्रभू, ज्याला गावाची रीतभात कळती, अशा माणसाच्या हातात ही किल्ली जाऊ दे." सगळ्या देवळाने दणक्यात आमेन म्हटलं.

पाळक उपास धरून बसले. त्यांच्या बायको केशरबाई चिडल्या. "अवो, कुलूप तरी बदला! हा माणूस तुमाला गावातून उठवाया बसलाय." अक्कल हेच सांगत होती.

पुढच्या रविवारी पाळक उठले आणि म्हणाले, "वडिलांनी प्रभूकडं मागणं केलं. मी बी विचारलं. किल्ली वडिलांना द्यावी, असं प्रभूनं माझ्या मनात घातलंय. मला सवताला ते पटत न्हाई. पण देतो."

शहादेवांनी मान लववून किल्ली घेतली. बाहेर येताच म्हणाले, "बघितलं? आपोआप वाकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीत इंजिन घालून माणिकराव फाटकापाशी हजर. बायकांची रांग होतीच, आणि रांगेत घागर घेऊन पाळकही उभे.

"उघडा वडील, गाडी आत घेऊ," माणिकराव म्हणाले.

शहादेवांची जीभ सवयीने वळली. "माझी काही ना न्हाई चेअरमनसाहेब, पण पाळकसाहेबांना…"

"किल्ली तुमच्याकडं हाय ना?"

शहादेवांनी मागे पाहिलं. "पाळकसाहेब, तुमी सांगा की कायतरी!"

"मी काय सांगू? मी तर रांगेत हाय," पाळक म्हणाले.

बौद्धवाड्यातली मुक्ताबाई कडेवरचं पोर सावरत पुढे आली. "वडील, इंजिन लागलं तर उद्या आमी यायचं का न्हाई? तेवढं तुमी सांगा."

शहादेवांना ज्याच्या आड उभं राहता येईल असं आता कुणी नव्हतं. शेवटी फाटक उघडलं. बायका आत गेल्या आणि शहादेव फाटकात आडवे उभे राहिले.

"इंजिन आत यायचं न्हाई."

"कोण म्हणतं?"

"मी." हे इतकं हळू आलं की माणिकरावांनी त्यांना परत म्हणायला लावलं. "मी म्हणतो, साहेब."

तेवढ्याने ते संत झाले असं कुणी समजू नये. तोंड चोरासारखं झालं होतं. सेक्रेटरीपद गेलं. माणिकरावांनी त्यांचा नमस्कार घ्यायचं बंद केलं. त्याच दुपारी शहादेव तणतणत पाळकांच्या ओट्यावर आले. मी तिथेच बसलो होतो.

"ही घ्या तुमची किल्ली. हिच्यापायी मी सगळ्यांतून उठलो. मी आडवा व्हईन, हे तुमाला ठाऊक होतं का?"

"न्हाई," पाळक म्हणाले. "मला वाटलं, तुमी इंजिन आत घ्याल."

"मग दिली कावून?"

पाळक म्हणाले, "प्रभूनं सांगितलं म्हणून. किल्ली माझ्याकडं होती तवा मी रोज प्रभूला म्हणायचो, ह्या शहादेवाला माझ्या वाटंतून काढ. काल किल्ली दिली, आन् मग रातच्याला पहिल्यांदा तुमच्यासाठी मागणं केलं. लई लाज वाटली, वडील."

शहादेवांनी हात तसाच पुढे धरला. पाळकांनी किल्ली परत घेतली नाही. शहादेव तिथेच ओट्यावर बसले आणि आम्हा दोघांदेखत रडले.