बाकावरच्या तीन जागा

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. मी डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक शाळेत खेळ शिकवते. मुलांचे बाप एरवी बाजारात मला ओळखसुद्धा देत नाहीत, पण जूनमध्ये मी त्यांची सख्खी बहीण होते. "टीचर, असा कुठला खेळ आहे का हो, ज्यात पळावं लागत नाही?" हा प्रश्न मला खरोखर विचारतात, आणि तोही दरवर्षी. मी म्हणते, आहे की, सोफ्यावर बसून टीव्ही बघा.

हे खूळ शिरलं ते कॉलेज-प्रवेशाच्या मार्गदर्शकांमुळे. साखळीच्या एका हॉलमध्ये कोट घातलेला एक इसम येतो, पडद्यावर चित्रं दाखवतो आणि सांगतो की नुसत्या मार्कांवर आता चांगली कॉलेजं दारातसुद्धा उभं करत नाहीत. एक खेळ हवा, एक कला हवी, थोडी समाजसेवा हवी. झालं! दुसऱ्या दिवसापासून अख्खा तालुका कलावंत. नार्व्याला नदीकाठी झालेली समाजसेवा तर मी ह्या डोळ्यांनी बघितली आहे. रोप एक आणि मुलं सहा. एकाने लावलं, फोटो काढला, उपटलं. दुसऱ्याने लावलं, फोटो काढला, उपटलं. शेवटच्याची पाळी येईपर्यंत बिचाऱ्या रोपाने मान टाकली होती. आयांनी टाळ्या वाजवल्या आणि गाड्या परत गेल्या.

खो-खोवर ह्या मंडळींचा भारी जीव. नऊ मुली मैदानात उतरतात, तिघी राखीव म्हणून बाकावर बसतात आणि सर्टिफिकेट बाराही जणींना सारखंच मिळतं. त्या बाकासाठी जी भांडणं होतात ती मैदानातल्या जागेसाठी कधी झाली नाहीत. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! एका वर्षी कारापूरचा एक हार्डवेअरवाला आपल्या मुलीसाठी प्रिन्सिपलना बरोबर घेऊनच माझ्याकडे आला. "आमच्या चेडवाला बाकावर घाला, टीचर. खेळवू मात्र नका हां. बारावीचं वर्ष, पाय मोडला तर एंट्रन्स कोण देणार?" प्रिन्सिपल खिडकीबाहेर बघत मान हलवत होते. घातली मी. मलाही नोकरी करायची आहे.

पण ही पोर निघाली भलतीच. सरावाला यायची तिला गरज नव्हती, तरी यायची. घरी सांगायची, ट्यूशन आहे. पहिल्याच आठवड्यात खांबाला धडकून नाक सुजवून घेतलं आणि बापाला सांगितलं, दार लागलं. दिवाळीपर्यंत ती अशी पळायला लागली की माझ्या जुन्या मुली तिच्या पाठीला हात लावता लावता रडकुंडीला यायच्या. मला तिचं फार कौतुक वाटायचं, आणि ते लपवायला मी तिला जास्तच ओरडायची. "टीचर, एकदाच सामन्यात घाला मला," ती म्हणायची. "एकदाच. मग जन्मभर पुस्तकात डोकं घालून बसेन." मी तिला शब्द दिला की संधी आली तर पहिली तुलाच उठवीन.

अंतिम सामना पेडण्याला होता. बाप कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, फोटोसाठी. दुसऱ्या डावात आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला. मी बाकाकडे वळले. "चल बाये, ऊठ." ती आधीच उठून बुटाची नाडी आवळत होती. ती रेघेपाशी पोचली आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "ए! बस खाली! टीचर, तुम्हाला सांगितलं होतं ना? बस म्हणतो ना मी!"

सगळं मैदान बघायला लागलं. पंच थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि मागे येऊन बाकावर बसली. मला त्या माणसाची अशी किळस आली की सांगता सोय नाही. शेवटी बाकावरच्या दुसऱ्या मुलीला पाठवलं. चौकोनात कुठे तोंड करून बसायचं हेही त्या बयेला ठाऊक नव्हतं. पंचांनी तिला खांदे धरून फिरवली, लोक खो खो हसले, आणि आम्ही एका गुणाने हरलो.

उपविजेत्यांना सर्टिफिकेटं वाटायला घेतली. हिचं नाव पुकारलं, पण ही बाकावरून हलेना. "ऊठ गो, ऊठ!" बाप हातवारे करू लागला. दुसऱ्यांदा नाव पुकारलं, तेव्हा तो स्वतःच चामड्याचे बूट घालून मैदान तुडवत गेला, दोन्ही हातांनी सर्टिफिकेट घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. मग ते वाचत वाचत माझ्याकडे आला. "टीचर, ह्यावर खेळाडू असंच आहे ना? राखीव-बिखीव काही लिहून देत नाही ना तुम्ही कॉलेजला?"

माझ्या तोंडात जी शिवी आली ती इथे लिहीत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"राखीव लिहा, टीचर," ती म्हणाली.

"मस्करी करते," बाप म्हणाला आणि हसला.

ती हसली नाही. "लिहा ना. मी कुठे खेळले?"